वस्तूची ओळख आणि वर्गाची पारख
(संगणकाच्या पायथन भाषेतील एक पाठ)

प्रास्ताविक

‘शब्दाची जात ओळखा’ हा प्रश्न प्राथमिक शाळेच्या फळ्यावर लिहिला गेला नाही, असे एकही वर्ष जात नसेल. ‘बिंदुसरा’ हा शब्द उच्चारताच मुले ‘नाम’ असे उत्तर देतात. शिक्षक तेथे थांबत नाहीत. ‘कोणते नाम?’ असे ते पुढे विचारतात आणि ‘विशेषनाम’ हे उत्तर मिळाल्यावरच समाधान पावतात. येथे एकाच शब्दाविषयी दोन प्रश्न विचारले गेले. पहिला प्रश्न व्यापक आहे व दुसरा नेमका. दोन्हींची उत्तरे खरी आहेत, परंतु ती एक नव्हेत.

संगणकास आज्ञा लिहून देताना हेच दोन प्रश्न पदोपदी विचारावे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात सहावी ते आठवी या टप्प्यावर संगणकीय आज्ञालेखनाचा परिचय करून द्यावा, असे सुचविले आहे. तेव्हा हा विषय आज ना उद्या गावोगावच्या शाळांत येणार. तो परका वाटण्याचे कारण नाही. ज्या शिक्षकाने व्याकरण व शाळेची रजिस्टरे या दोहोंचा नीट अभ्यास केला आहे, त्याला या विषयाचा निम्मा भाग आधीच अवगत आहे.

वर्ग व वस्तू

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करावा. शाळेत ‘वर्ग’ म्हणजे इयत्ता किंवा मुलांच्या बसण्याची खोली. तो अर्थ येथे घ्यावयाचा नाही. येथे वर्ग म्हणजे नमुना. दाखल-खारीज रजिस्टरचे कोरे पान डोळ्यांपुढे आणावे. त्यात नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक इत्यादी रकाने छापलेले असतात, पण मूल एकही नसते. हे कोरे पान म्हणजे वर्ग. त्याच रकान्यांत एका मुलाची माहिती भरली की जी एक ओळ तयार होते, ती वस्तू. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर ‘नदी’ हे सामान्यनाम म्हणजे वर्ग, आणि गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या त्या वर्गाच्या वस्तू.

या विचाराचा संगणकशास्त्रातील उगम नॉर्वे देशात झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगार्ड या दोघांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा १९६७ मध्ये रचली. प्रत्यक्ष जगातील व्यवहारांचे अनुकरण यंत्राकडून करवून घ्यावे, हा त्यांचा हेतू होता. व्यवहारात माणसे, वाहने, रांगा असतात, म्हणून भाषेतही तशा वस्तू व त्यांचे वर्ग असावेत, अशी ही कल्पना होय. पुढे अनेक भाषांनी ती स्वीकारली. नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली पायथन ही त्यांपैकीच एक. ती विनामूल्य उपलब्ध असून तिची वाक्यरचना सुटसुटीत आहे, म्हणून नवशिक्यांस ती सोयीची पडते.

पायथनमध्ये संख्या, मजकूर, यादी या सर्वच वस्तू होत. पूर्वी भाषेत मुळात असलेल्यांना ‘प्रकार’ व लेखकाने स्वतः रचलेल्यांना ‘वर्ग’ असे दोन वेगळे मानीत. २००१ मधील २.२ या आवृत्तीपासून हा भेद मिटू लागला आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो उरला नाही. म्हणून आज वस्तूचा प्रकार विचारणे आणि तिचा वर्ग विचारणे हे एकच आहे.

भाषेतील आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. या लेखात त्यांचे केवळ उच्चार दिले आहेत. वर्गांची व वस्तूंची नावे मात्र देवनागरीतही ठेवता येतात. ‘विद्यार्थी’ या नावाचा वर्ग तिसरी आवृत्ती बिनतक्रार स्वीकारते.

पहिली आज्ञा : ‘टाइप’

वस्तूस ‘तू नेमक्या कोणत्या वर्गाची?’ असे विचारणारी आज्ञा म्हणजे ‘टाइप’. पूर्णांक दिला की ‘इंट’, दशांश संख्या दिली की ‘फ्लोट’, अवतरणचिन्हांत मजकूर दिला की ‘स्ट्र’, आणि होय-नाही स्वरूपाचे उत्तर दिले की ‘बूल’ असे उत्तर येते.

हे सोपे दिसते. अडचण येते ती, दिसणे एक आणि असणे दुसरे, अशा ठिकाणी. शाळेचा यू-डायस क्रमांक हे याचे उत्तम उदाहरण. हा क्रमांक अकरा अंकांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे, नंतरचे दोन गटाचे, त्यापुढील तीन गावाचे आणि अखेरचे दोन शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७ आणि बीड जिल्ह्याचाही अंक २७, म्हणून जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक ‘२७२७’ ने सुरू होतात. हा क्रमांक अंकांत लिहिलेला असला, तरी ती संख्या आहे काय? दोन शाळांच्या यू-डायस क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही आणि सरासरीही काढीत नाही. तो वस्तुतः एक पत्ता आहे आणि पत्ता हा मजकूर होय.

हा भेद न पाळल्यास काय होते? ज्या राज्याचा अंक ०१ आहे, तेथील शाळेचा क्रमांक पूर्णांक म्हणून नोंदविला, तर आरंभीचे शून्य गळून पडते व अकराऐवजी दहाच अंक राहतात. तक्ते करण्याच्या प्रणालीत बारा अंकी आधार क्रमांक भरताच ‘१.२३ई+११’ अशी चमत्कारिक आकृती उमटते, हा अनुभव कित्येक शिक्षकांस असेल. त्याचे कारण हेच : मजकूर म्हणून ठेवावयाची गोष्ट यंत्राने संख्या म्हणून घेतली. कसोटी एकच लक्षात ठेवावी. ज्याची बेरीज करण्यात अर्थ आहे ती संख्या, आणि ज्यात तसा अर्थ नाही तो मजकूर, मग तो अंकांनी का लिहिलेला असेना.

उलट दिशेचीही चूक होते. कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथन मजकूर समजते. समजा, पहिलीचा पट २४ व दुसरीचा १८ असा टंकित केला आणि यंत्रास मिळवणी करण्यास सांगितले, तर उत्तर ४२ न येता ‘२४१८’ येते, कारण दोन मजकूर एकापुढे एक जोडले गेले. एक मजकूर व एक संख्या असेल, तर मात्र यंत्र ‘टाइप एरर’ असे सांगून थांबते. यांपैकी दुसरी चूक बरी, कारण ती ओरडून सांगते. पहिली मुकाट्याने अहवालात जाऊन बसते.

मराठी शाळांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट उपयुक्त आहे. मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारी ‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंकही ओळखते. देवनागरीत लिहिलेले चोवीस आणि इंग्रजी अंकांत लिहिलेले चोवीस हे मजकूर म्हणून ताडून पाहिले, तर यंत्र ‘समान नाहीत’ म्हणते. दोहोंचे पूर्णांक केल्यावर ते समान ठरतात. आज्ञेत मात्र अवतरणचिन्हांवाचून देवनागरी अंक लिहिता येत नाहीत, हे ध्यानात असावे.

दुसरी आज्ञा : ‘इझइन्स्टन्स’

‘तू या वर्गातली आहेस काय?’ असा व्यापक प्रश्न विचारणारी आज्ञा म्हणजे ‘इझइन्स्टन्स’. तिला वस्तू व वर्ग अशी दोन नावे द्यावयाची. उत्तर ‘ट्रू’ म्हणजे होय किंवा ‘फॉल्स’ म्हणजे नाही असे येते. ‘टाइप’ व ही आज्ञा यांतील फरक किती महत्त्वाचा आहे, हे या जिल्ह्यातील शिक्षकांस वेगळे सांगावयास नको. पुढील उदाहरणच पुरेसे आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. काही मुले गावी हंगामी वसतिगृहात राहतात, तर काही आईबापांबरोबर जातात. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड दिले जाते. समजा, एका शाळेच्या नोंदी ठेवण्यासाठी ‘विद्यार्थी’ हा वर्ग रचला. त्यात नाव, जन्मतारीख, इयत्ता हे रकाने ठेवले. पुढे जाणाऱ्या मुलांसाठी आणखी दोन रकाने हवेत, कार्डाचा क्रमांक व कारखान्याचे ठिकाण. त्यासाठी सर्व रकाने पुन्हा लिहावे लागत नाहीत. ‘विद्यार्थी’ या वर्गावरून ‘स्थलांतरित विद्यार्थी’ हा उपवर्ग रचता येतो. मूळ वर्गाचे सर्व काही त्याला वारशाने मिळते व वरचे दोन रकाने तेवढे नव्याने जोडावे लागतात.

आता पटावर चाळीस मुले आहेत, त्यांपैकी बारा स्थलांतरित आहेत असे धरू. पाठ्यपुस्तकांची मागणी काढण्यासाठी आज्ञा लिहिणाऱ्याने प्रत्येक नोंदीस ‘टाइप’ विचारला आणि उत्तर ‘विद्यार्थी’ आले तरच मोजले. उत्तर किती येईल? अठ्ठावीस. बारा मुलांचे नेमके उत्तर ‘स्थलांतरित विद्यार्थी’ असे आहे, म्हणून ती मोजणीतून वगळली गेली. यंत्राने चूक दाखविली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नाही. त्याला नेमका प्रश्न विचारला आणि त्याने नेमके उत्तर दिले. चुकीचा होता तो प्रश्न. तेथे ‘इझइन्स्टन्स’ वापरली असती, तर उपवर्गाच्या वस्तूही मूळ वर्गाच्या म्हणून गणल्या जाऊन चाळीस ही बरोबर संख्या आली असती.

बारा मुलांची पुस्तके मागणीत न येणे ही केवळ गणिताची चूक नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने शाळा बदलणाऱ्या बालकाचा हक्क मान्य केला आहे, आणि दाखला सादर होण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही, असेही म्हटले आहे. कायद्याने ज्याला विद्यार्थी मानले, त्याला आज्ञेतील एका शब्दाने पटाबाहेर ठेवू नये. स्थलांतरित विद्यार्थी हा प्रथम विद्यार्थी आहे व मग स्थलांतरित आहे, हा विचार ‘इझइन्स्टन्स’ या आज्ञेत अंतर्भूत आहे.

म्हणून सर्वसाधारण नियम असा सांगतात की, वर्गाची पारख करावयाची तर ‘इझइन्स्टन्स’ वापरावी. नेमक्या वर्गाशीच प्रयोजन असेल अशा विरळा प्रसंगी ‘टाइप’ वापरावी. एकाहून अधिक वर्ग चालणार असतील, तर ते कंसात एकत्र देता येतात. गुण पूर्णांकी असोत वा साडेसतरासारखे असोत, ‘इंट किंवा फ्लोट’ असे एकदाच विचारले की काम भागते.

वर्गावर्गांतील नाते

वस्तू हाती नसून केवळ दोन वर्गांचे नाते पाहावयाचे असल्यास ‘इझसबक्लास’ ही आज्ञा आहे. ‘स्थलांतरित विद्यार्थी हा विद्यार्थी याचा उपवर्ग आहे काय?’ उत्तर होय. हाच प्रश्न उलटा विचारल्यास उत्तर नाही. प्रत्येक विशेषनाम हे नाम असते, परंतु प्रत्येक नाम विशेषनाम नसते, तसेच हे आहे. प्रत्येक वर्ग स्वतःचाही उपवर्ग मानला जातो, एवढे लक्षात ठेवावे. या आज्ञेला वर्गाऐवजी वस्तू दिल्यास ती ‘टाइप एरर’ देते.

येथे चौकस मुले विचारतील : मग वर्ग स्वतः कोणत्या वर्गाचा? उत्तर असे की, वर्ग हीही एक वस्तू आहे आणि तिचा वर्ग ‘टाइप’ हाच आहे. रजिस्टरचे कोरे पान हा मुलांच्या नोंदींचा नमुना खरा, पण ते पानही शेवटी हातात धरता येणारा एक कागद आहे. तद्वत् हे समजावे.

दोन फसव्या जागा

रिकामा रकाना व शून्य यांत भेद आहे. परीक्षेस बसून शून्य गुण मिळविणारे मूल आणि परीक्षेच्या वेळी गावीच नसलेले मूल यांना एका पंक्तीत बसविता येत नाही. ‘अद्याप काही नाही’ हे दाखविण्यासाठी पायथनमध्ये ‘नन’ ही स्वतंत्र वस्तू आहे. समजा, तीन मुलांच्या रकान्यांत १८, ० आणि रिकामे असे आहे. रिकाम्यास शून्य मानले, तर सरासरी ६ येते. बसलेल्या दोघांचीच काढली, तर ९ येते. ‘गुण नसल्यास’ अशी मोघम अट घातली, तर यंत्र शून्य व ‘नन’ या दोहोंस सारखेच वागविते. म्हणून ‘हे नन आहे काय?’ असे स्पष्ट विचारावे.

दुसरी फसवी जागा ‘बूल’ची. २००३ च्या २.३ या आवृत्तीत ‘बूल’ हा वर्ग आला, तो ‘इंट’चा उपवर्ग म्हणूनच. त्यामुळे ‘ट्रू हा पूर्णांक आहे काय?’ असे ‘इझइन्स्टन्स’ने विचारल्यास उत्तर ‘होय’ येते व बेरजेत त्याची किंमत एक धरली जाते. हजेरीत याचा लाभ होतो, कारण होय-नाहीच्या यादीची बेरीज केली की उपस्थितांची संख्या मिळते. परंतु गुणांच्या रकान्यात चुकून ‘ट्रू’ पडल्यास तो तपासणीतून निसटून एक गुण वाढवितो. अशा ठिकाणी आधी ‘बूल’ नाही ना हे पाहावे, किंवा ‘टाइप’ने नेमका पूर्णांकच मागावा. नेमक्या प्रश्नाचा उपयोग होतो, तो असा.

नावावरून की कामावरून?

‘वर’ या शब्दाची जात कोणती? अनुभवी शिक्षक लगेच उत्तर देणार नाहीत. ते वाक्य मागतील. ‘वर पाहा’ यात ते क्रियाविशेषण आहे, ‘झाडावर’ यात शब्दयोगी अव्यय आहे आणि ‘वर मांडवात आला’ यात नाम आहे. शब्दाची जात त्याच्या वाक्यातील कार्यावरून ठरते, हे तत्त्व शिक्षकांच्या परिचयाचे आहे.

पायथन वापरणारेही पुष्कळदा असेच करतात. वस्तूचा वर्ग न विचारता तिला जे काम सांगावयाचे ते सांगून पाहतात. जमले तर उत्तम, न जमल्यास यंत्राने दिलेली चूक पकडून तिची व्यवस्था लावतात. बदकासारखे चालते व बदकासारखे ओरडते त्याला बदक म्हणावे, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीवरून या पद्धतीस नाव पडले आहे. मराठीत तिला ‘कार्यावरून पारख’ म्हणता येईल. क्रमाने एकेक नाव देणारी यादी असो वा धारिका असो, हजेरी घेणाऱ्यास नावे मिळाल्याशी कारण.

मग तपासणी कोठे करावी? शाळेत मुलाची जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी एकदा नीट पाहतात, रोज हजेरीच्या वेळी पाहत नाहीत. तसेच बाहेरून माहिती आत येते त्या दारात वर्गाची कसून तपासणी करावी आणि आतील कामात वारंवार करू नये. कोणत्या रकान्यात काय अपेक्षित आहे, हे लिहून ठेवण्याची सोय २०१५ च्या ३.५ या आवृत्तीपासून अधिक व्यवस्थित झाली आहे. परंतु ती सूचना वाचणाऱ्यासाठी असते. आज्ञा चालविताना यंत्र स्वतः तिची सक्ती करीत नाही.

पाठाची मांडणी

हा पाठ संगणकावाचूनही घेता येतो.

१. पूर्वतयारी : वहीच्या पानांच्या वीस पट्ट्या कापाव्यात. त्यांवर अवतरणचिन्हांत २४, चिन्हांवाचून २४, २४.५, होय, नाही, शाळेचा यू-डायस क्रमांक, बीडचा पिन ४३११२२, ‘बिंदुसरा’ इत्यादी लिहावे. एक पट्टी कोरी ठेवावी.

२. प्रतिपादन : पूर्णांक, दशांश, मजकूर, होय-नाही व रिकामे अशा पाच डब्यांत मुलांनी पट्ट्या टाकाव्यात. प्रत्येक वेळी ‘का?’ हे विचारावे.

३. तुलना : पिन क्रमांक पूर्णांकाच्या डब्यात पडल्यास तो लगेच काढू नये. आणखी एक पिन क्रमांक देऊन दोहोंची बेरीज करावयास सांगावे. बेरजेला अर्थ नाही, हे मुलांच्या तोंडूनच निघावे.

४. सामान्यीकरण : फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत : ‘तू नेमका कोण?’ आणि ‘तू यांच्यापैकी आहेस काय?’

५. उपयोजन : शाळेच्या एका खऱ्या तक्त्याचे रकाने, मुलांची नावे व क्रमांक वगळून, फळ्यावर मांडावेत व प्रत्येक रकान्याचा वर्ग मुलांकडून ठरवून घ्यावा.

सरावासाठी प्रश्न

(अ) भ्रमणध्वनी क्रमांक कोणत्या वर्गात ठेवावा? (मजकूर.) (आ) मुलाचे वजन? (दशांश संख्या.) (इ) वजन घेतलेच नसेल तर? (‘नन’, शून्य नव्हे.) (ई) शालेय पोषण आहाराची ताटे मोजताना ‘टाइप’ वापरावी की ‘इझइन्स्टन्स’? (‘इझइन्स्टन्स’, कारण वसतिगृहातील मूलही विद्यार्थीच आहे.)

समारोप

यंत्र आपण विचारू तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न अपुरा असल्यास उत्तरही अपुरे येते, आणि ते नीटनेटक्या तक्त्यात छापलेले असल्याने खरे वाटते. म्हणून प्रत्येक मोजणीनंतर शिक्षकांनी यंत्राची बेरीज व आपल्या हातातील पट ताडून पाहावेत. चाळिसांच्या जागी अठ्ठावीस दिसले, तर आधी आज्ञा उघडून कोणता प्रश्न विचारला होता ते पाहावे. कोणती बारा मुले मोजणीबाहेर राहिली, हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. ती मुले ज्यांना नावानिशी ठाऊक आहेत, त्या शिक्षकांनाच ते कळते.